शटर किती सेकंद? फटाके, गच्ची आणि कवठे एकंदची दसऱ्याची रात्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेल्या लक्ष्मीपूजनाला तुम्ही गच्चीवरून दोन-अडीचशे फोटो काढले. साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड. काही फोटो पांढरेफटक आले, काही हललेले, काहींत नुसता धूर. म्हणून तुम्ही विचारलंत की शटर नेमकं किती सेकंद उघडं ठेवायचं. यंदा दसऱ्याला सांगली जिल्ह्यातल्या कवठे एकंदला जायचं ठरवलंय, तिथे काय वेगळं करावं लागेल, हेही विचारलंत. शेवटी मोबाइलवर काही जमेल का, असा प्रश्न आहे.

आधी पांढऱ्याफटक फोटोंचं बघू. तुम्ही लिहिलंय की फोटो फार उजळ आले म्हणून तुम्ही शटरचा वेळ कमी करत गेलात. चार सेकंदांवरून एकावर, मग पाव सेकंदावर. तरी रेघा पांढऱ्याच राहिल्या, फूल मात्र तुटकं यायला लागलं. तुमची मेहनत कमी पडली असं मुळीच नाही. उपाय चुकीच्या जागी चालला होता, एवढंच. फटाक्याच्या फोटोत शटरचा वेळ रेघेचा उजेड ठरवतच नाही. ही एक गोष्ट पक्की समजली की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो.

रांगोळी काढणारा हात डोळ्यांसमोर आणा. रेघ जाड पडणार की बारीक, हे चिमूट किती सैल आहे आणि हात किती वेगाने सरकतोय यावर ठरतं. तुम्ही अंगणात पाच मिनिटं बसलात की अर्धा तास, त्याने रेघेची जाडी बदलत नाही, फक्त रेघा किती निघाल्या ते बदलतं. ठिणगी म्हणजे तो सरकणारा हात. ती कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या एका ठिपक्यावरून क्षणभरात पुढे निघून जाते आणि पुन्हा त्या जागी येत नाही. शटर चार सेकंद उघडं असो की आठ, त्या ठिपक्याला मिळायचा तेवढाच उजेड मिळतो. ठिणगीचा वेग आपल्या हातात नाही. आपल्या हातात फक्त चिमूट आहे, म्हणजे अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती हळवा).

पण हात एकाच जागी थांबला तर तिथे रांगोळीचा ढीग साचतो. समोरच्या इमारतीच्या खिडक्या, रस्त्यावरचे दिवे, देवळाचं शिखर, शहराच्या उजेडाने तांबूस झालेलं आकाश, तरंगत राहिलेला धूर हे सगळं जागच्या जागी असतं. शटर जितका वेळ उघडं, तितकं ते उजळत जातं. म्हणजे काम सरळ वाटून घ्यायचं: फटाक्यासाठी अॅपर्चर, स्थिर गोष्टींसाठी वेळ.

आता आकडे. आयएसओ १००. अॅपर्चर एफ ८ ते एफ ११, आणि सुरुवात ११ ने करा. एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान. मोड मॅन्युअल, शटर बल्बवर, म्हणजे बटण दाबून धराल तोवर उघडं. तुमच्या पांढऱ्या फोटोंचे आकडे तुम्ही दिलेत त्यात अॅपर्चर साडेतीन आहे. कॅमेऱ्याने काळं आकाश पाहिलं आणि त्याला वाटलं की अंधार आहे, भोक पूर्ण उघडायला हवं. साडेतीन आणि अकरा यांच्या उजेडात साधारण दहापटीचा फरक आहे. लाल ठिणगीचा लाल रंग सेन्सरला सोसतो त्यापलीकडे गेला की हिरवा आणि निळा भागही भरायला लागतो. मग रेघेचा गाभा आधी पिवळट आणि नंतर पांढरा होतो. तुमच्या फोटोत लाल फटाके नव्हते असं नाही, होते. त्यांचा रंग उतू गेला.

रंगांचं मूळ कळलं तर अॅपर्चर कुठे ठेवायचं याचा अंदाज चांगला येतो. लाल रंग स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. झगझगीत पांढरा आणि चंदेरी उजेड अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम जळून येतो. सोनेरी ठिणग्या कोळशाच्या आणि लोखंडाच्या किसाच्या. यात पांढरा सगळ्यात तेजस्वी. निळा सगळ्यात मंद, कारण तांब्याचा निळा रंग देणारा घटक फार तापला की टिकत नाही आणि कमी तापला तर नीट उजळत नाही. त्यामुळे निळ्या फुलाला एफ ८ सुद्धा कधी अपुरं पडतं, आणि पांढरा धबधबा एफ १६ वरही फुटलेला दिसतो. एकच आकडा सगळ्यांना चालणार नाही. मी ११ वर बसतो, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढतो आणि निळं फूल मागाहून थोडं वर उचलतो. पांढरं झालेलं लाल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. शंका आली तर अंधाराच्या बाजूने चुका. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिन्ही रंगांच्या उजेडाचे आलेख (हिस्टोग्राम) वेगवेगळे बघता येत असतील तर तेच बघा. एकत्र आलेख निवांत दिसतो आणि लाल एकटा उजव्या भिंतीला टेकलेला, म्हणजे उतू गेलेला असतो.

मग शटर किती वेळ? एका फुलाचं आयुष्य असेल तितका. जत्रेत उडणारा मध्यम गोळा सुटल्यापासून दोन-तीन सेकंदांत वर पोचतो, फुटतो आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत विझतो. म्हणजे चार ते सहा सेकंद. सोनेरी, झावळ्यांसारखा खाली लोंबणारा प्रकार असेल तर आठसुद्धा. पण हे आकडे पाठ करून उपयोग नाही, म्हणून तर बल्ब. साधा वायरचा रिमोट घ्या, तो स्वस्त मिळतो. बटण दाबलं की शटर उघडतं, सोडलं की मिटतं. रिमोट हातात असला की पडद्याकडे बघावं लागत नाही, डोळे आकाशात राहतात. गोळा सुटल्याचा ‘धप्प’ ऐकू आला किंवा शेपटी वर चढताना दिसली की दाबा. फूल पूर्ण उमलून ठिणग्यांची टोकं खाली वळायला लागली की सोडा. आठ-दहा गोळ्यांनंतर हाताला ताल सापडतो. तालावर येणारं हे काम मला फार आवडतं. चढत्या शेपटीसकट आलेलं फूल देठासकट फुलासारखं दिसतं. देठ नसलेलं फूल आकाशात कुठूनतरी चिकटवल्यासारखं वाटतं.

एकाच फोटोत चार-पाच फुलं घ्यायचा मोह होतो. दोन-तीन वेगवेगळ्या उंचीवरची असतील तर जरूर घ्या. एकाच जागी फुटणारी असतील तर रेघांवर रेघा चढून मधोमध पांढरा गोळा तयार होतो. शेवटच्या धडाक्यात, जेव्हा सगळं एकदम उडवतात, तेव्हा नेमकं हेच होतं. तो जवळ आला की अॅपर्चर १६ करा आणि शटर एक-दोन सेकंदांत मिटत राहा.

फ्रेममध्ये उजेडात न्हालेलं देऊळ किंवा इमारत असेल तर फटाके सुरू व्हायच्या आधी तिची चाचणी घ्या. आयएसओ १००, एफ ११ कायम ठेवून दोन, चार, आठ सेकंदांचे फोटो काढा आणि देऊळ कधी बरं दिसतं ते बघा. समजा चार सेकंदांत बरं दिसलं. आता फुलं जास्त हवीत म्हणून शटर वीस सेकंद उघडं ठेवलं तर देऊळ पांढरं होणार. यावर फिल्मच्या काळापासूनचा एक उपाय आहे, काळा पुठ्ठा. लेन्सपेक्षा थोडा मोठा, चमक नसलेला काळा पुठ्ठा घ्या. शटर उघडं ठेवून तो लेन्ससमोर धरा, लेन्सला न लावता. गोळा चढला की बाजूला करा, फूल विझलं की परत आड धरा. पुठ्ठा बाजूला असलेला वेळच मोजायचा. दोन फुलांना दोन-दोन सेकंद दिलेत तर देवळाला चारच मिळाले. आमच्यातले कित्येक जण ट्रायपॉडजवळ उभं राहून लेन्सचं झाकणच असं वापरायचे. त्यापेक्षा पुठ्ठा बरा, झाकण एकदा तरी लेन्सवर आपटतंच.

हललेल्या फोटोंना तुमच्या बाबतीत दोन कारणं दिसतात. तुम्ही शटर बोटाने दाबलंत, आणि लेन्सवरचं हादरे शोषणारं बटण चालू होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर असला की ते बंद करायचं, नाहीतर नसलेला हादरा शोधत ते आतली काच हलवत बसतं. ट्रायपॉड हलका आहे म्हणता, तर मधला दांडा वर काढू नका आणि खाली पाण्याची भरलेली बाटली किंवा पिशवी टांगा. गच्चीवर आजूबाजूला मुलं पळतात तेव्हा स्लॅबही हलतो. कठड्याजवळ, खाली तुळई असेल अशा जागी उभं राहिलात तर फरक पडतो.

आणखी एक बटण बंद करा. लांब एक्स्पोजरनंतरचा दाणेदारपणा घालवण्यासाठी कॅमेऱ्यात एक सोय असते. ती चालू असली की सहा सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी सहा सेकंद आपल्याआपण अंधाराचा फोटो घेत बसतो आणि तेवढा वेळ काहीच करू देत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या आतषबाजीतला अर्धा वेळ त्यातच जातो. आयएसओ १०० वर तिची गरजही नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सोय, ऑटोवर ठेवू नका, नाहीतर एका फोटोतला सोनेरी रंग पुढच्या फोटोत लिंबासारखा दिसेल. दिवसाच्या उजेडाचं चिन्ह निवडून तिथेच राहू द्या.

फोकसबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्याची हळहळ अजून जात नाही. एका दिवाळीत मी लेन्सची रिंग अगदी शेवटापर्यंत फिरवली. शेवट म्हणजे अनंत, अशी पक्की समजूत. सगळी रात्र काम केलं आणि घरी येऊन पाहतो तर प्रत्येक रेघ मऊ, कापसासारखी. ऑटोफोकसच्या बऱ्याच लेन्सची रिंग अनंताच्याही थोडी पलीकडे फिरते हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. १८-५५ सारख्या लेन्सवर तर अंतराचे आकडेही नसतात. म्हणून दूरचा एखादा दिवा पकडा, मोबाइल टॉवरचा लाल दिवा उत्तम. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, तो दहापट मोठा करून बघा आणि दिवा सगळ्यात बारीक दिसेल तिथे थांबा. ऑटोफोकस बंद. मग कागदी चिकटपट्टीचा तुकडा रिंगवर लावा. झूम बदललं की फोकस पुन्हा बघायचा, हे या लेन्सच्या बाबतीत विसरू नका.

किती झूम ठेवायचं याचाही आधी हिशेब करता येतो. पहिला गोळा फुटल्याचा उजेड दिसला की आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक सेकंद लागला तर तुम्ही ३४० मीटरवर आहात, तीन लागले तर किलोमीटरभर. उंचीचा ठोकताळा असा की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला सुमारे ३० मीटर. तीन इंची गोळा ९० मीटरच्या आसपास फुटतो. बाजारात मिळणारे शॉट्स याहून खूपच खाली राहतात. हा सगळा हिशेब मुठीवर आणा. हात ताठ पुढे धरून मूठ वळली की ती अंदाजे १० अंश झाकते. जमिनीपासून फुलाच्या वरच्या टोकापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा. तुमचा कॅमेरा उभा धरला तर १८ वर साधारण साडेसहा मुठी मावतात, ३५ वर पावणेचारच्या आत-बाहेर, ५५ वर जेमतेम अडीच. फूल दोन मुठींत संपत असेल आणि तुम्ही १८ वर असाल, तर फोटोभर काळं आकाश आणि मधे शेवंतीएवढं फूल येणार. तुमच्या गच्चीवरच्या निम्म्या फोटोंचं हेच झालंय. मात्र वरच्या बाजूला एका मुठीची जागा मोकळी ठेवा, कारण कुठला तरी गोळा इतरांपेक्षा उंच जातोच.

धुराबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण माझ्या मते निम्मं यश तिथे आहे. पहिल्या गोळ्याचा धूर कुठे सरकतो ते बघा. वारा तुमच्या पाठीमागून किंवा बाजूने यायला हवा. धूर तुमच्याकडे येत असेल तर जागा सोडा, कितीही चांगली असली तरी. वारा अजिबात नसला तर पहिली पाच-सात मिनिटं हीच तुमची रात्र. नंतरचं प्रत्येक फूल आधीच्या फुलांच्या धुरामागे उमलतं, आणि धूर जागच्या जागी असल्यामुळे जास्त सेकंदांत जास्त पांढरा होतो. धूर वाढला की शटरचा वेळ कमी करा. इथे तो कमी करणं बरोबर आहे. पहिल्या गोळ्यालाच सगळं तयार हवं, चाचण्या आधीच उरकलेल्या हव्यात. लोक सुरुवात नुसती बघतात आणि मग कॅमेरा लावायला घेतात, तोवर आकाश मळलेलं असतं.

गच्चीवरच्या दिवाळीला हे दुपटीने लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. त्यानंतर ज्यांना हरित फटाके म्हणतात त्यांची सूत्रं नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तयार केली. वेळेचे स्थानिक आदेश बदलत असतात, ते त्या वर्षी बघून घ्या. फोटोच्या दृष्टीने अर्थ एवढाच की सगळं शहर एकाच वेळी सुरू होतं. साडेसातला गच्चीवर सगळं मांडून ठेवा. आठ ते साडेआठ हा खरा वेळ, त्यानंतर क्षितिजाची रेघसुद्धा धुरात बुडते. शहरात एक मोठं फूल शोधण्यापेक्षा १८ वर राहून छपरांची रांग खाली ठेवा आणि वीस-तीस सेकंदांत दहा ठिकाणची छोटी फुलं एकत्र येऊ द्या. इथे लांब वेळ चालतो, कारण फुलं एकमेकांवर चढत नाहीत. अमावास्येची रात्र असल्याने चंद्राची अडचणही नसते. दिवाळीचा फोटो म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर हाच येतो. खाली आकाशकंदिलांचे ठिपके, वर विखुरलेली फुलं.

आता कवठे एकंद. सांगलीहून तासगावकडे जाताना हे गाव लागतं. दसऱ्याच्या रात्री ग्रामदैवताची पालखी निघते आणि तिच्यापुढे शोभेच्या दारूची आतषबाजी पहाटेपर्यंत चालते. ही दारू विकत आणलेली नसते, गावातली मंडळं आधी कित्येक दिवस खपून ती स्वतः तयार करतात. औट, शिंगटं अशी तिथली नावं तुमच्या कानावर पडतील. दूर उभं राहून आकाशाकडे बघण्याचा हा कार्यक्रम नाही. ठिणग्यांचा पाऊस गल्लीत, देवळासमोर, माणसांच्या डोक्यांवर असतो. गच्चीवरचे आकडे घेऊन तिथे गेलात तर काही हाती लागणार नाही.

शक्य असेल तर दुपारीच पोचा. मंडळाच्या माणसांना भेटा, पालखीचा रस्ता विचारा, ठिणग्या कुठपर्यंत येतात ते विचारा आणि ते सांगतील त्या जागेच्या पुढे पाऊल टाकू नका. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेत, आणि हे काम किती धोक्याचं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. रस्त्यालगतच्या एखाद्या घराच्या माडीवर रात्री तासभर उभं राहू देण्याची विनंती करून ठेवा. गावात पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, फक्त आधी विचारायला हवं. कपडे सुती घाला, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचं जाकीट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. चष्मा हवा, नंबराचा नसला तर साधा. डोक्याला सुती पंचा बांधा, कानात बोळे घाला. एरवी रात्रीच्या फोटोला मी लेन्सपुढे कुठलाही फिल्टर लावत नाही, कारण दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, उमटतात. इथे मात्र साधा पारदर्शक फिल्टर लावतोच. तापलेल्या ठिणगीने काचेला पडलेला खड्डा निघत नाही, फिल्टर नवा घेता येतो.

गर्दीत ट्रायपॉड उघडू नका. कुणाच्या तरी पायात येतो, आणि धावपळ झाली तर तुमच्याच. एकटांगी दांडा चालतो, नाहीतर हातात धरा. आयएसओ ४०० ते ८००, अॅपर्चर साडेपाचच्या आसपास, शटर सेकंदाच्या आठव्या ते तिसाव्या भागापर्यंत. जमिनीवरच्या ‘झाड’ नावाच्या कारंजासारख्या फटाक्याच्या किंवा चक्राच्या ठिणग्या सतत उसळत असतात, एक विझायच्या आत त्याच वाटेवरून दुसरी येते. म्हणून इथे वेळ वाढवला की कारंजाचा भराव घट्ट पांढरा होत जातो. रांगोळीचा हात पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून फिरतोय म्हणा ना. बुडाशी जिथे ज्वाला असते तो भाग पांढरा होणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ठिणग्यांची टोकं आणि भोवतालच्या माणसांचे चेहरे सांभाळा. तिसाव्या भागात ठिणगी आखूड रेघ होते आणि नाचणारा माणूस स्पष्ट राहतो. आठव्या भागात ठिणग्या लांब सुतासारख्या येतात आणि माणूस थोडा विरघळतो. मला पंधरावा भाग सगळ्यात मानवतो. अर्धे फोटो वाया जातात, पण जो येतो त्यात आग हलताना दिसते.

शुद्ध दशमीचा चंद्र आठच्या सुमारास दक्षिणेला चांगला वर असतो आणि मध्यरात्रीनंतर पश्चिमेला उतरत मावळतो. माडीवरून लांब शटरचे फोटो काढताना त्याला चौकटीबाहेर ठेवा, चार सेकंदांत त्याचा नुसता पांढरा डाग होतो. त्याच्या उजेडाने धुराचे लोट निळसर दिसतात, ते मात्र घ्यावेत असे असतात. परतीच्या पावसाची शक्यता धरून कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी न्या, आणि ती खिशात ठेवा. ठिणग्यांत ती बाहेर काढू नका.

तिथे गेलात की दर थोड्या वेळाने आगीकडे पाठ करा. हे मी मनापासून सांगतोय. झाड पेटलं की शंभर चेहरे एकदम सोनेरी होतात. एखादी म्हातारी हात जोडून उभी असते, बापाच्या खांद्यावरचं पोर कान झाकून हसत असतं, आणि ज्याने ती दारू कुटली, भरली तो मंडळाचा माणूस आगीकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघत असतो. हा उजेड चार-पाच सेकंद टिकतो. आयएसओ १६००, शटर साठावा भाग, अॅपर्चर लेन्स देईल तेवढं मोठं, आणि फ्लॅश अजिबात नाही. माझ्याकडे फुलांचे हजारो फोटो आहेत आणि ते मी क्वचित उघडतो. चेहऱ्यांचे पंधरा-वीस आहेत, ते घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवतो. फक्त फोटोसाठी कुणाला आगीजवळ सरकायला सांगू नका. लहान मुलाला ‘फुलबाजी अजून तोंडाजवळ धर’ असं सांगणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. त्यांच्या हातातून कॅमेरा काढून घ्यावासा वाटतो.

मोबाइलवरही जमतं, अट एकच, तो घट्ट टेकवलेला हवा. नाइट मोड बंद करा. तो अनेक फोटो एकत्र जुळवतो आणि हलणाऱ्या ठिणग्यांचा चुरा करतो. प्रो मोड असेल तर आयएसओ सगळ्यात खाली आणि शटर अर्ध्यापासून दोन सेकंदांपर्यंत ठेवा, फोकस अनंतावर, फोटो तीन सेकंदांच्या टायमरवर म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा आणि नंतर त्यालाच लाँग एक्स्पोजर लावा, रेघा बऱ्यापैकी येतात. जमिनीवरच्या झाडांसाठी आणि चेहऱ्यांसाठी मोबाइल उलट जास्त सोयीचा, गर्दीत हात वर करून काढता येतो.

घरी आल्यावर फोटो लगेच बघितलेत तरी चालेल, पण लेन्स लगेच पुसू नका. तिच्यावर राखेचे आणि धातूचे बारीक कण बसलेले असतात. कापड फिरवलं की तेच कण काचेवर घासले जातात. आधी हवेच्या पंपाने उडवा, मग मऊ ब्रशने झाडा, आणि त्यानंतरच ओलसर कापड. ट्रायपॉडचे पायही पुसून ठेवा. दारूच्या धुराचा थर ओल ओढून घेतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत स्क्रू धरून बसतात.